तुळस डोक्यावर घेऊन रडले, ते खोटं होतं का?

नीराकाठ

परवा फोनवर वडील म्हणाले, "यंदा आषाढीला तू माळ घालून घे. माझे गुडघे आता दिवेघाट चढत नाहीत. घरातली वारी मोडायला नको." मी "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. खरं तर त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. देवावरचा माझा विश्वास जाऊन चौदा वर्षं झाली आणि घरात हे कोणालाच माहीत नाही.

आमचं गाव लोणंदजवळ, माउलींच्या पालखीच्या वाटेवर. आमच्याकडे वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, पालखी नीरा नदी ओलांडते तेव्हा सुरू होतं. परभणीकडची एक दिंडी आजोबांच्या काळापासून आमच्याच वाड्यात उतरते, दीडेकशे माणसं. आधीचे दोन दिवस आळीतल्या बायका भाकऱ्या वाटून घेतात. कोणी चाळीस, कोणी पन्नास. पिठलं मात्र आमच्याच चुलीवर. मी सहा वर्षांची असल्यापासून माझं काम म्हणजे पाय धुवायला पाणी देणं.

दिवेलागणीला हरिपाठ ठरलेला. मला सगळे २७ अभंग पाठ होते. पण माझं खरं बोलणं त्यानंतर सुरू व्हायचं. आजी सांगायची, "विठोबाच्या कानांत मासे आहेत बघ. माशाला पाण्याच्या तळाशीसुद्धा ऐकू येतं. म्हणून तू मनात बोललीस तरी त्याला कळतं." ती मकरकुंडलांबद्दल बोलत होती, हे पुष्कळ नंतर कळलं. मी ते अक्षरशः खरं धरलं होतं. गणिताचा पेपर, मैत्रिणीशी अबोला, पहिल्यांदा पाळी आली तेव्हाची भीती, सगळं त्या माशांना सांगितलं. आईलाही जे सांगितलं नाही ते सांगितलं.

पुढे पुण्याला वसतिगृहात असताना, दुसऱ्या वर्षी, एका संध्याकाळी हरिपाठ म्हणत होते. मध्येच जाणवलं की पलीकडे कोणी नाही. फोनची लाइन कधीची गेलेली असते आणि आपण एकटेच बोलत असतो, तसं. कोणी वारलं नव्हतं, मी नापास झाले नव्हते, कोणाचं भाषण ऐकून माझं मत बदललं नव्हतं. त्या रात्री मला झोपही नीट लागली. मोकळंच वाटलं म्हणा ना. एकादशी सोडली नाही, कारण मेसमध्ये खिचडी बरी असायची. घरी गेल्यावर हरिपाठाला बसायचे. आवाज माझा चांगला आहे, वडिलांना तो ऐकायचा असतो.

त्याची किंमत आठ वर्षांनी कळली. पुण्यात नोकरीला लागल्यापासून एका मुलाबरोबर होते. सहा वर्षं. जात वेगळी, म्हणून दोन्ही घरी काहीच सांगितलेलं नव्हतं. २०१९ च्या जानेवारीत तो म्हणाला, आईने अन्न सोडलंय. मे महिन्यात त्याचं लग्न झालं. तो वाईट माणूस नव्हता, अजूनही नाही. पण माझं त्याच्याशी काही होतं हेच कोणाला माहीत नसल्यामुळे माझं काही गेलंय हेही कोणाला कळायचं कारण नव्हतं. माणूस गेलं तर निदान सुतक असतं. दहा दिवस कोणी तुम्हाला काम सांगत नाही. या दुःखाला सुतक नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता, मी साडेनऊच्या बसने ऑफिसला गेले.

आणि मग लक्षात आलं, ज्याला हे सांगितलं असतं तो तर मी १९ व्या वर्षीच गमावलाय. ते मासे आता नाहीत. देवावर चिडता आलं असतं तरी चाललं असतं, पण रुसायलाही कोणी उरलं नव्हतं.

त्या वर्षी आषाढी १२ जुलैला होती. पालखी लोणंदला आली तशी मी रजा टाकून घरी गेले, भाकऱ्या केल्या, पाय धुवायला पाणी दिलं. पालखी निघाल्यावर दरवर्षीप्रमाणे चांदोबाच्या लिंबापर्यंत दिंडीबरोबर चालत गेले. वारीतलं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. वाटेत साठीची एक बाई मला म्हणाली, "पोरी, घटकाभर धर. आडोशाला जाऊन येते." आणि तिने डोक्यावरचं तुळशीवृंदावन काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. पितळी होतं. पाऊस होऊन गेला होता, माती भिजून जड झाली होती. दोन्ही हात वर धरूनच चालावं लागतं. चार पावलं गेले असेन आणि मला रडू फुटलं. जानेवारीपासूनचं सगळं. हात वर अडकलेले, डोळे पुसता येईनात. नाकातून पाणी, तोंडात खारट, तशीच चालत राहिले. बाजूच्या बायकांनी पाहिलं. एक म्हणाली, "भाव दाटून आला गं लेकराचा." दुसरी पुढे आली, "माउली" म्हणाली आणि माझ्या पाया पडली.

मी काहीच बोलले नाही. सांगायला हवं होतं की अहो, मी देवासाठी नाही रडत, एका माणसासाठी रडतेय. ती बाई परत आली, तिने पदराने माझं तोंड पुसलं, तुळस घेतली, निघाली. काही विचारलं नाही.

आज माळेचा प्रश्न आल्यावर पुन्हा तेच डोळ्यासमोर येतंय. ते रडणं त्या बायकांची फसवणूक होती का? आणि माळ घालून मी तीच फसवणूक जन्मभर करू का? वडिलांचं वय ७१ आहे.

टाळकरी_आळंदी

ताई, मी माळकरी आहे, म्हणून आधी माळेचं सांगतो. घालू नका. रागाने म्हणत नाही. माळ म्हणजे एकादशी, वारी, अभक्ष्य वर्ज्य, एवढंच वरून दिसतं. आमच्या घरी माळ तुटली तर दुसरी गळ्यात येईपर्यंत कोणी पाण्याचा घोट घेत नाही. ती कोणाच्या समाधानासाठी घालायची वस्तू नाही. तुमच्या वडिलांना ती किती जड आहे ते माहीत असेल, म्हणून तर ते तुम्हाला देऊ बघतायत.

रडण्याचं म्हणाल तर ज्या बाईने तुळस दिली तिने तुम्हाला आधी काही विचारलं होतं का? नव्हतं ना. वारीत तुळस कोणाच्याही डोक्यावर जाते. फसवणुकीचा प्रश्न तिथे मला तरी दिसत नाही.

जुना_मास्तर

मी ३४ वर्षं मराठी शिकवलं. तुमचं वाचताना तुकोबांचा एक अभंग आठवत राहिला, जो कीर्तनात फारसा ऐकू येत नाही: "माझे लेखी देव मेला, असो त्याला असेल." पुढच्याच ओळीत ते म्हणतात, आता त्याच्या गोष्टी करणार नाही, त्याचं नाव घेणार नाही. हा तोच माणूस, ज्याच्या घरी १६३० च्या आसपासच्या दुष्काळात पहिली बायको "अन्न अन्न करिता" गेली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांनीही दुकान चालवलं, लोकांना तोंड दिलं. आपल्या परंपरेत देव मरतो आणि तरी माणूस वारकरी राहतो. तुम्ही स्वतःला बाहेरची का समजता?

टाळकरी_आळंदी

मास्तर, माफ करा, इथे मला अडावंसं वाटतं. तो अभंग रुसव्याचा आहे. ज्याच्याशी जन्माचं भांडण आहे त्यालाच माणूस "तू मला मेलास" म्हणतो. आई लेकराला नाही का म्हणत? जनाबाईही "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" म्हणते, पण तो तिच्या जात्यापाशी बसलेला आहे म्हणून म्हणते. ताई सांगतायत की पलीकडे कोणी नाहीच. त्यांच्या म्हणण्याला आपण संतांच्या पंगतीत ओढून बसवलं तर आपल्याला बरं वाटेल, त्यांचं काय?

जुना_मास्तर

हे मला पटलं. ताई भांडत नव्हत्या, त्या एकट्या पडल्या होत्या. मी घाईने अभंग काढला. वर्गातली सवय, कोणी काही दुखरं बोललं की पुस्तक उघडायचं.

नीराकाठ

टाळकरीदादा, तुम्ही माझं अगदी बरोबर ओळखलंत. जनाबाईचा मला हेवा वाटतो. तिच्या शिव्या ऐकायला तरी कोणी होता.

मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. तो अभंग मला माहीत नव्हता. काल रात्री तीनदा वाचला.

माणदेशी_माती

थोडं लांबेल, पण सांगतो.

आमच्या घरात देव एकट्यादुकट्याचे गेले नाहीत, सगळ्या वस्तीचे एकदम गेले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. काही महिन्यांनी आमच्या वस्तीनेही घेतली. आजोबा सांगायचे, सगळ्यांनी देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरले आणि नदीला सोडले. खंडोबा, म्हसोबा, मरीआई, सगळे. त्यांना त्यात दुःख नव्हतं. ज्या पंढरपूरच्या देवळात जायला त्यांच्या बापाला बंदी होती, जे साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केल्यावर उघडलं, त्या देवाशी आमचं आता काय, असं ते म्हणायचे. चोखोबा आयुष्यभर बाहेर राहिला, त्याची समाधीही पायरीपाशीच आहे. मला आजोबांचं सगळं पटतं. मी पक्का आहे. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातो.

पण आजीची गोष्ट वेगळी होती. ती १९९८ ला गेली तेव्हा कणगी रिकामी करताना तळाशी फडक्यात बांधलेला खंडोबाचा टाक सापडला. चांदीचा, बोटाएवढा. माहेराहून आणलेला असावा. म्हणजे टोपली भरली तेव्हा हा एक तिने मागे ठेवला आणि चाळीस वर्षं धान्याखाली लपवला. पूजा केल्याची काही खूण नव्हती, कुंकवाचा कणही नाही. ती रोज सकाळी बुद्धवंदना म्हणायची, स्पष्ट, एकही शब्द न गाळता. तीही खोटी नव्हती. तिनेच मला त्रिशरण शिकवलंय.

तिने त्या टाकाला कधी काही सांगितलं असेल का? तिची दोन मुलं लहानपणी गेली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. धान्य काढायला कणगीत हात घालायची तेव्हा हाताला तो लागत असेल, एवढंच मला राहून राहून वाटतं.

वडील फार अस्वस्थ झाले होते. शेवटी त्यांनी तो नदीला सोडला नाही. आजीच्या फोटोमागे ठेवला, भिंतीच्या बाजूला. अजून तिथेच आहे.

तुमचं तुळशीचं वाचलं आणि आजीचा हात आठवला.

उगाच_नाही

स्पष्ट लिहितो. देवाला आधी तुम्ही सोडलंत, म्हणूनच पुढे वाईट झालं. अजून वेळ गेलेली नाही. माळ घाला, सगळं सुरळीत होईल.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. वरच्या प्रतिसादाला उत्तर द्यावंसं वाटतं. एप्रिल २०२१ मध्ये मी कोविड वॉर्डात होते. आत नातेवाइकांना सोडत नसत. ते दाराशी आमच्या हातात अंगारा, ताईत, तीर्थाची बाटली, जे असेल ते द्यायचे. मी प्रत्येकाच्या उशीखाली ठेवलं. माझ्याकडून एकही राहिलं नाही. त्यातले काही घरी गेले, काही नाही. ज्यांच्या उशीखाली काहीच नव्हतं त्यांचंही तसंच झालं. सोडलं म्हणून वाईट झालं, हे कृपा करून कोणाला सांगू नका. आई गेलेल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "सिस्टर, मी अंगारा उशिरा दिला का?" त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मीही त्यानंतर हात जोडत नाही. पण दुसऱ्याचा अंगारा आजही तितक्याच जपून ठेवते. त्यात मला खोटेपणा वाटत नाही.

नीराकाठ, तुम्ही माळेचं विचारलंत, पण मला त्या सोमवारची जास्त काळजी वाटली. साडेनऊची बस. तुम्ही हे एका तरी जिवंत माणसाला तोंडाने सांगितलंय का? इथे लिहिलंत ते चांगलं झालं, पण इथे तुमचा आवाज आम्हाला ऐकू येत नाही. कोणीच नसेल तर १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. सहा वर्षं झाली म्हणून उशीर झाला, असं त्यात नसतं.

नीराकाठ

नाही सांगितलं. तुम्हालाच पहिल्यांदा.

२०२० ची एक गोष्ट लिहायची राहिली. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. मी लॉकडाउनमुळे घरीच होते. ज्या दिवशी पालखी आमच्याकडे यायची, त्या दिवशी वडिलांनी पहाटे उठून अंगण सारवायला लावलं आणि पाय धुवायच्या दोन्ही घागरी भरून दाराशी ठेवल्या. रस्ता मोकळा होता. दुपारपर्यंत ते ओट्यावर बसून राहिले. मग एका कुत्र्याने घागरीत तोंड घातलं, त्याला त्यांनी हाकललं नाही. आत येऊन मला म्हणाले, "हरिपाठ म्हण." मी म्हटला. त्यांना रडू येत होतं आणि मला ते का येतंय हे नेमकं कळत होतं. ज्याची वाट पाहायची तो येणार नाही आणि तरी घागर भरून ठेवायची. मी त्या दिवशी त्यांना सगळं सांगू शकले असते. जीभ उचलली नाही.

वसईची_सून

आमचं घर कॅथलिक, वसईचं. लहानपणी पहिल्या कम्युनियनला पांढरा फ्रॉक घालून मी इतकी थरथरले होते की आईला वाटलं ताप आलाय. आता मिस्सेला जाते ती सासूबाईंना न्यायला आणि आणायला. माझं सगळं गेलं ते गर्भ राहून पाचव्या महिन्यात गेला त्याच्या आधी की नंतर, हे मला अजून नीट सांगता येत नाही. तुम्हाला निदान क्रम माहीत आहे.

पण संध्याकाळच्या रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, मी बसते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं असतात, म्हणजे येशूच्या यातनांचे प्रसंग. त्यात एक आई आपल्या मुलाच्या मागे चालतेय, असं मला दिसतं. ते खरं घडलं का, त्याने जगाचं तारण झालं का, याच्याशी मला आता देणंघेणं नाही. त्या पंधरा-वीस मिनिटांत माझ्या बाळाबद्दल मला रडता येतं आणि घरात कोणी दचकत नाही. सासूबाई मणी पुढे सरकवतात, आवाज थोडा वाढवतात. त्यांना माहीत असावं असा मला दाट संशय आहे.

तुमच्या त्या बाईने तोंड पुसताना काही विचारलं नाही म्हणालात ना. बायकांना कळतं हो. ती ६० वर्षांची होती, तिने काय काय डोक्यावर वाहिलं असेल.

माळेबद्दल मी काही सांगू शकत नाही. वडिलांना मात्र सांगा, असं वाटतं. सगळं नको. अर्धं.

टाळकरी_आळंदी

वसईच्या ताईंना माझा नमस्कार.

नीराकाठ, एक सुचवतो. वडील गुडघ्यांचं बोलतायत ते वारी मोडण्याच्या भीतीने. माळ न घालताही दिंडी उतरते, भाकरी होते, पाय धुतले जातात. ती सेवाही वारीच मानली जाते, हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, वाटेवरच्या कुठल्याही गावात विचारा. त्यांच्याशी तसं बोलून बघा.

नीराकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. मागच्या शनिवारी घरी गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले आणि सांगितलं. देवाचं सांगितलं. त्या मुलाचं नाही सांगितलं, ते अजून जमलं नाही. म्हटलं, "आप्पा, माळ मी घालणार नाही. माझा विश्वास कॉलेजात असतानाच गेला. हरिपाठ म्हणते तो तुम्हाला आवडतो म्हणून म्हणते."

ते खूप वेळ गप्प होते. मग विचारलं, "तुझ्या आजीला माहीत होतं?" मी म्हटलं नाही, ती त्याच्या आधीच गेली. "बरं झालं," म्हणाले आणि उठून आत गेले. सकाळी चहा घेतला, माझ्याशी एक शब्द नाही. पुण्याला निघताना पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच, पण बोलले नाहीत. बसमध्ये वाटलं, उगाच सांगितलं. म्हाताऱ्या माणसाचं काय उरलं होतं, तेही काढून घेतलं.

सुचवल्याप्रमाणे १४४१६ ला फोन केला, रात्रपाळी. पलीकडच्या बाई सोलापूरकडच्या असाव्यात, बोलण्यावरून. मी दहा मिनिटं नुसती रडले. त्या थांबून राहिल्या.

काल संध्याकाळी आप्पांचा फोन आला. हवापाणी झालं, म्हशीचं झालं. मग म्हणाले, "दिंडीवाल्यांचा निरोप आलाय, यंदा माणसं जास्त आहेत. ज्वारी किती दळून आणू? तू येणार असशील तर त्या हिशोबाने आळीत भाकऱ्या वाटतो."

मी म्हटलं, माझ्या नावावर साठ लिहा.